धाकटीचं कावून

माझी धाकटी बहीण सुखी आहे, आणि ते मला सहन होत नाही. लोकांत मी असं बोलत नाही. लोकांत मी म्हणते, 'धाकटी ना, तिकडं धारूरच्या डोंगरात असते बिचारी.' 'बिचारी' मी मुद्दाम लावते. ते लावलं की मला घटकाभर बरं वाटतं. मग तिचा फोन येतो, ती हसत हसत भलतंच काहीतरी विचारते आणि माझं बरं वाटणं तिथंच संपतं.

तसं पाहिलं तर तिचा हेवा करावा असं तिच्याकडं काही नाही. घाटाच्या अंगाला शेत आहे, निम्मं मुरूम, निम्मे दगड. त्यात सीताफळाची झाडं, चार शेळ्या आणि पत्र्याचं घर. बारावीला दोनदा बसली आणि तिसऱ्यांदा बसायचं नाही हे तिचं तिनंच ठरवून टाकलं. नवरा गरीब स्वभावाचा, विचारलं तरच बोलणारा. एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो आईला फारसा फोन करत नाही. का, तर म्हणे आई लई प्रश्न विचारती. म्हणजे तिचे प्रश्न सगळ्यांनाच गोड लागतात अशातलाही भाग नाही. हे मी स्वतःला अधूनमधून सांगत असते.

आणि मी? मी केजला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. संध्याकाळी आमच्याच गच्चीवर पत्र्याखाली माझे क्लास भरतात. बाजारात गेले तर भाजीवाली मावशी आधी 'मॅडम' म्हणते आणि मग नातवाच्या मार्कांचं काढते. दहावीला मी तालुक्यात पहिली होते, बारावीला पहिली होते, पुढंही पहिला नंबर कधी सोडला नाही. दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात माझ्या ढाली आहेत. दर दिवाळीला मी त्या स्वतः पुसते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

पण पहिला नंबर आणून काय होतं ते मला लहानपणीच कळायला हवं होतं. आमचे आण्णा तहसीलमध्ये कारकून होते. संध्याकाळी घरी आले की मी त्यांच्यापुढं पेपर धरायची. ते मार्क बघायचे, 'शाब्बास' म्हणायचे. शाब्बास म्हटलं की विषय संपतो. त्याच्यापुढं बोलण्यासारखं काही राहत नाही. मग ते सदऱ्याची बटणं सोडत धाकटीकडं वळायचे आणि विचारायचे, 'आज काय आणलंय बाईसाहेबांनी?' तिनं रोज काहीतरी आणलेलंच असायचं. मार्क नव्हे, एखादं 'कावून'. आमच्याकडं 'का' म्हणायचं तर कावून म्हणतात. तिचं बोलणं त्या शब्दानंच सुरू व्हायचं, म्हणून आई वैतागून तिला कावूनबाईच म्हणायची.

एकदा तिनं विचारलं, 'आण्णा, शेळीच्या डोळ्यातली रेघ आडवी कावून?' आण्णांना माहीत नव्हतं. मला वाटलं आता तरी ते म्हणतील, गप बस, अभ्यास कर. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून निबंध स्पर्धेचं प्रमाणपत्र घेऊन येत होते, तर बाजाराच्या कडेला एका बांधलेल्या शेळीपुढं आमचे आण्णा ऑफिसच्या कपड्यांत उकिडवे बसलेले. शेजारी धाकटी. दोघंही मान वाकडी करून शेळीच्या डोळ्यात बघत होते आणि खिदळत होते. शेळीचा मालक बाजूला उभा राहून ही माणसं शेळी घेणार की काय याची वाट बघत होता. मी प्रमाणपत्र घेऊन तिथंच थांबले. कुणी वर बघितलं नाही. त्या वयात मला मत्सर हा शब्द फक्त शुद्धलेखनापुरता ठाऊक होता, पण पोटात जे झालं ते तेच होतं, आणि तेव्हापासून ते तिथंच आहे.

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण खरं दुखणं तेच आहे.

मला एकच मुलगी. तिनं डॉक्टर व्हायचं हे ती आठवीत असतानाच आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी. हे जिल्हा परिषदेत नोकरीला, बीडला जाऊन येऊन असतात, घरातल्या अशा गोष्टींत ते पडत नाहीत. दहावी झाली की तिला लातूरला ठेवली. आमच्याकडं ज्या घरात पोरगं जरा हुशार निघतं ते घर लातूरची वाट धरतं, त्यात नवल काही नाही. दोन वर्षं ती तिथल्या हॉस्टेलात राहिली. दर रविवारी मी फोनवर तिला प्रश्न विचारायची आणि ती उत्तरं द्यायची. आमच्या मायलेकीचं बोलणं ते तेवढंच. ते कमी आहे असं मला तेव्हा वाटायचं नाही, उलट अभिमान वाटायचा.

मेडिकल प्रवेशाची परीक्षा झाली. आन्सर की आली तेव्हा आम्ही टेबलाशी बसून एकेक उत्तर ताडून पाहिलं आणि बेरीज चांगली आली. गेल्या वर्षीच्या हिशोबानं सरकारी कॉलेज कुठंही गेलं नव्हतं. ही बातमी माझ्या धाकट्या दिरांच्या कानावर गेली. त्यांना नगरपंचायतीला उभं राहायचं आहे, त्यामुळं चौकात आपला फोटो लावायला त्यांना निमित्तच हवं असतं. निकालाची वाट न बघता त्यांनी दुसऱ्याच दिवशी चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'भावी डॉक्टर', कोपऱ्यात माझ्या मुलीचा पासपोर्ट फोटोतला घाबरलेला चेहरा आणि मधोमध काळा चष्मा घातलेले भाऊजी. निकालाआधी फ्लेक्स लावणं आमच्या गावात कुणालाच वावगं वाटत नाही. मी डीजेला तेवढं नको म्हटलं. फ्लेक्सला नको म्हटलं नाही. खरं तर कॉलेजातून येताना मी रिक्षा मुद्दाम चौकातून घ्यायला लावायची.

निकाल लागला. मार्क आम्ही धरले होते तेवढेच आले, पण यंदा सगळ्यांनाच भरभरून मिळालेले. यादी वर सरकली आणि पोरगी खाली राहिली. मी दिरांना म्हटलं, भाऊजी, तेवढा फ्लेक्स उतरवा. ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या ना वहिनी. रिपीट करून पुढच्या वर्षी व्हणारच हाय की. मंग परत कावून छापायचा?"

तो चौक चुकवून आमच्या घरातून कुठंच जाता येत नाही. पोरगी बाहेर पडायची बंद झाली. जेवायला ताटावर बसायची, उठायची, खोलीत जायची. आरडाओरडा केला असता तर मला समजलं असतं, मला आरडाओरडा कळतो. ही नुसती गप्प. तेवढ्यात धाकटीचा फोन आला, दे पाठवून आठ दिवस माझ्याकडं. मी दिली पाठवून. आठ दिवसांत गाव विसरेल, मग लातूरला रिपीटर बॅचला घालू, असा माझा हिशोब होता.

आठ दिवसांचा महिना झाला. पहिली बॅच सुरू होऊन गेली. दुसरी नागपंचमीनंतर होती, म्हणून मी दम धरला. फोन केला की पोरगी म्हणायची, चांगलं चाललंय. रिव्हिजन करतेस ना? हं. मागून शेळ्यांचा आवाज आणि धाकटीचं हसणं यायचं. आणि एक दिवस पोरगी फोनवर मला म्हणाली, "मम्मी, कावून सारखी फोन करतीस?" मी कानावरचा फोन काढून त्याच्याकडंच पाहत राहिले. चारचौघांत शुद्ध बोलावं म्हणून मी तिला लहानपणापासून दामटून दामटून बोलायला शिकवलेलं. एका महिन्यात माझ्या बहिणीनं ते पुसून टाकलं होतं.

त्यातून धाकटीचं ते स्टेटस. बाकीच्या बायका स्टेटसला सुविचार टाकतात, गुलाबाची फुलं टाकतात. ही प्रश्न टाकते. 'मुंग्या समोरासमोर आल्या की थांबतात कावून?' 'भाकरी एकाच बाजूनं फुगती कावून?' पूर्वी मी ते बघितलं न बघितलं करायची. पोरगी तिकडं गेल्यापासून ओट्याशी उभी असतानाही दर पाच मिनिटांनी बघायला लागले. आषाढात ते लोक कपिलधारला जाऊन आले. स्टेटसला फोटो होता: मागं धबधबा, पुढं माझी पोरगी, केस ओले, ओढणी डोक्याला गुंडाळलेली, तोंड उघडून हसतेय. खाली प्रश्न, 'पाण्याला रंग न्हाई म्हणतात, मंग वरून पडताना पांढरं कावून दिसतं?'

तिचं तसं हसणं मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. मी फोटो मोठा करून तिचे दातसुद्धा बघितले. मग धाकटीला उत्तर पाठवलं, प्रकाशाचं विकिरण, आणि पुढं चार ओळींत स्पष्टीकरण. तिकडून एक अंगठा आला. नुसता अंगठा. मी इतकी चिडले की त्या दिवशी क्लासला आलेल्या पोरांची मी विनाकारण हजेरी घेतली.

पंचमीच्या आदल्या आठवड्यात मी उठले आणि धारूरची एसटी धरली. आमच्याकडं पंचमीला सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला घरातलं कुणीतरी जातं, त्याला मूळ म्हणतात. माझी पोरगी ना सासरी ना कुठं, ती मावशीकडं, आणि मूळ म्हणून आई निघालेली. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. धारूरला उतरून जीपमध्ये बसले. ड्रायव्हरनं जीप भरेपर्यंत हलवली नाही, तेवढ्या वेळात सगळी उजळणीही झाली.

मी पोचले तेव्हा घरात कुणी नव्हतं. मेहुणे बाहेर शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि हातानंच झाडांकडं दाखवलं. गेले तर एका सीताफळाखाली दोघीजणी चक्क उताण्या झोपलेल्या. डोळे वर, फांदीतल्या एका फुलावर. सीताफळाचं फूल कुणाच्या नजरेत भरत नाही, हिरवट, जाड पाकळ्यांचं, खाली मान घातलेलं. भोवती कितीतरी फांद्यांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. आधी मला वाटलं नवस वगैरे आहे. जवळ गेल्यावर चिंध्यांचं कापड ओळखलं. ती माझी जांभळी साडी होती. नेसून नेसून कंटाळा आल्यावर मीच धाकटीला दिलेली, आणि देताना 'चांगली आहे अजून' असं वर म्हटलेलं.

पोरगी उठून बसली. रंग रापला होता, गालफडं भरली होती. मला वाटलं ती येऊन बिलगेल. तिनं माझा हात धरला, पण झाडाकडं ओढायला. "मम्मी, हे बघ, हे बघ." झाडाला बोराएवढी, लिंबाएवढी फळं लागली होती आणि त्यातली कितीतरी वाकडी. एका अंगाचे डोळे फुगलेले, दुसऱ्या अंगाला नुसती खपली. सीताफळावर जे उंचवटे असतात त्यांना आमच्याकडं डोळे म्हणतात. वाकडं फळ व्यापारी घेत नाही, बाजूला टाकतो. ते वाकडं कशानं होतं हे या दोघींनी धसास लावायचं ठरवलं होतं. ओढ्याकडच्या झाडांची फळं गोल येतात आणि रस्त्याकडची वाकडी, एवढं त्यांना कळलेलं. चिंध्या त्यासाठीच, कोणत्या फांदीवर काय केलं याची खूण म्हणून. धुळीनं होत असेल म्हणून त्यांनी एका फांदीवरची फुलं रोज धुतली, तर ती गळूनच गेली. शेजारच्या शेतातली म्हातारी म्हणाली होती, रस्त्यानं जाणाऱ्यांची दृष्ट लागते. तेही त्यांनी सोडलं नव्हतं, एका फांदीला बिब्बा बांधून ठेवला होता. पोरगी हे सगळं भराभरा सांगत होती, मधूनच धाकटी शब्द घालत होती, दोघी एकमेकींचं वाक्य पुरं करत होत्या. मी उन्हात पर्स धरून उभी.

आणि मला उत्तर माहीत होतं.

मी म्हणाले, अगं, साधी गोष्ट आहे. सीताफळाच्या फुलात बारीक किडे शिरतात, त्यांच्यामुळं परागण होतं. ज्या बाजूला पराग पोचत नाहीत त्या बाजूला बी धरत नाही, आणि बी नाही तर गर नाही, म्हणून फळ वाकडं. शिकवताना बोलते त्याच आवाजात बोलले असणार, कारण शेवटी मी 'कळलं?' असंही म्हटलं.

पोरगी एकदम विझली. दुसरा शब्द मला सुचत नाही. ती खाली बसली आणि हातातली चिंधी बोटाला गुंडाळायला लागली. मी म्हटलं, तुझ्याच बारावीच्या पुस्तकात परागण आहे की. ती म्हणाली, "मला माहीत होतं मम्मी. अंदाज आला होता. मी मावशीला सांगितलं न्हाई."

"मग सांगायचं नाही का?"

"मला ते बघायचं होतं. किडा आत जाताना."

धाकटीला मात्र काही वाईट वाटलं नाही, वाईट वाटून घ्यायची तिला सवयच नाही. ती खूश झाली. असं व्हय, असं व्हय म्हणत तिनं एक फूल खाली वाकवून आत डोकावून पाहिलं आणि मान वर करून मला म्हणाली, "मंग आक्का, रस्त्याकडच्या झाडावर किडे कावून येत नसतील?"

मी तोंड उघडलं. आणि निघालं ते, "ते सिलॅबसमध्ये नाही."

आधी पोरगी हसली. मग धाकटी. धाकटी पदर तोंडाला लावून, पोरगी पोट धरून. शेळ्यांपाशी मेहुणेसुद्धा हसले, त्यांना सिलॅबस म्हणजे काय हे माहीत असो नसो. कपिलधारच्या फोटोतलं हसू मला अखेर समोर बघायला मिळालं, आणि ते माझ्यावर होतं.

जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. धाकटी पोरीच्या ताटात न विचारता चटणी वाढत होती, म्हणजे पोरीला किती लागते हे तिला ठाऊक झालेलं. मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ती हॉस्टेलचं जेवली होती. मी ठरवून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं, पंचमी घरी करायची आणि लगेच लातूर. सीट बोलून ठेवली आहे. खोली मागचीच मिळेल.

पोरगी खाली मान घालून भाकरी मोडत राहिली. धाकटीनं हातातला घास तसाच धरून विचारलं, "आक्का, पोरीला डाक्टर कावून करायचंय तुला?"

तिनं साधंच विचारलं होतं, शेळीच्या डोळ्याबद्दल विचारावं तसं. पण माझा तोल गेला. तुला काय कळतंय त्यातलं, असं मी सुरू केलं आणि मग थांबता येईना. बारावी नापास बाईनं मला विचारू नये, असं म्हणाले. माझी साडी फाडलीस म्हणाले. पोरीची भाषा घालवलीस म्हणाले. आणि शेवटी जे कधीच बोलायचं नव्हतं तेही गेलं. "आधी माझे आण्णा पळवलेस, आता पोरगी पळवतीयेस."

मेहुणे ताट घेऊन उठले आणि बाहेर गेले. धाकटी म्हणाली, "मी काय पळवलं गं? मी तर निस्तं इचारलं." मग तीही उठली. शेळ्यांना पाणी पाजायचं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत दाराबाहेर गेली. सगळ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या वाक्याच्या शेवटी प्रश्न नव्हता, आणि त्याचंही मला बरं वाटलं नाही.

आम्ही दोघीच उरलो. पोरीनं उष्टी ताटं एकात एक ठेवली. माझ्या मनात आलं, आता ही मावशीच्या मागं जाईल. ती गेली नाही. भिंतीला टेकून माझ्यासमोर बसली.

मी म्हटलं, तुला मेडिकलला जायचं आहे ना?

"हा प्रश्न न्हाई मम्मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पुढं म्हणाली, "मावशी मला काही विचारती तेव्हा तिला उत्तर माहीत नसतं. तू विचारतीस तेव्हा तुझ्याकडं ते आधीच असतं. तू फक्त बघतीस, माझं जुळतंय का."

मी शिक्षिका आहे, उलट उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही. पण दर रविवारचे ते फोन एकामागोमाग आठवायला लागले. काय विचारलं होतं मी तिला? पेशी. ग्रंथी. संप्रेरकं. एकदा तिला ताप होता तेव्हा ताप का येतो हे विचारलं होतं. तिनं बरोबर सांगितलं होतं आणि मी शाब्बास म्हटलं होतं.

मग मी असा एखादा प्रश्न शोधायला लागले ज्याचं उत्तर मला येत नाही. हसण्यासारखं आहे, पण वाटतं तितकं ते सोपं नाही. एक सुचायचा, तपासून बघावं तर आत उत्तर दडलेलंच असायचं. तुला इथं कंटाळा येत नाही का? यात उत्तर होतं. तुला पुढं पस्तावा होणार नाही का? यातही होतं. पोरगी वाट बघत होती. शेवटी मी म्हटलं, "लातूरला जायचं की नाही? मला खरंच कळत नाही, तुझ्या मनात काय आहे."

ती म्हणाली, "मलापण न्हाई कळत. थोडे दिवस न्हाई कळलं तर चालंल का?"

येत नसलेला प्रश्न सोडून द्यायचा, उगाच गोल काळा करायचा नाही, मार्क कापले जातात, हे मीच गच्चीवर पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते. तरी 'चालेल' म्हणताना माझी जीभ जड झाली. ते म्हटलं म्हणजे बॅच गेली, हे मला दिसत होतं. कॉलेजात कोण काय विचारील तेही दिसत होतं. पण म्हटलं. तिच्या खांद्यांत जो फरक पडला तो मी पाहिला.

आणि मग, आता सुरुवात झालीच होती म्हणून, मला जे खरोखर जाणून घ्यायचं होतं ते मी विचारलं. चांगल्या मनानं नव्हे. निव्वळ मत्सरानं विचारलं. "इथं आल्यावर तू पहिल्यांदा हसलीस कधी? मावशीनं काय केलं होतं?"

तिनं आठवून पाहिलं. "मावशीनं काही न्हाई केलं. मी बाजेवर पुस्तक ठेवून तोंड धुवायला गेलते, तर शेळीनं बायोलॉजीचं पुस्तक खाल्लं. निम्मं. मला रडूच येणार होतं. मग म्हटलं, आत्ता मम्मी असती तर शेळीला ओणवं उभं केलं असतं."

मी विचारलं, "कोणता धडा खाल्ला?"

"पचनसंस्था," ती म्हणाली.

त्या शेळीला तो धडा तरी नीट पचला असेल की नाही, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोलून दाखवलं. पोरगी खो खो हसत सुटली. मीही सुटले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कशाचं हे मला सांगता येणार नाही. ती माझ्या गुडघ्यावर थापा मारत हसत होती. एवढ्या मोठ्या पोरीचा हात इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. लातूर, बॅच, सीट, सगळं त्या घटकेला मला कुठल्याकुठं दिसत होतं, आणि मी इतकी सुखात होते की कुणी पहिला नंबर आणून दिला असता तरी बाजूला ठेव म्हटलं असतं.

आवाज ऐकून धाकटी दारात आली. हातात रिकामी बादली. आमच्याकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, "काय झालं गं? कावून हसताय?"

पोरीनं डोळे पुसले. "काही न्हाई मावशी. आमचं चाललंय."

धाकटी हसली. बरं म्हणाली. पण बादली खाली ठेवायला वाकायच्या आधी क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. मी मात्र लगेच ओळखलं. बाजाराच्या कडेला प्रमाणपत्र हातात धरून उभं राहिल्यापासून मी ते रोज पोटात वागवत आलेय, तिच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच पाहत होते. मी सरकून चटईवर तिला जागा केली आणि म्हटलं, ये, बस, तुझ्या शेळीबद्दलच बोलतोय.